लाल ठिपका कोणीकडं

सुटीत घरी मोताळ्याले आलो होतो, पण जीव पुण्यातल्या लॅबमधेच अडकला होता. तिथं माह्या पहिल्या आयसोलेटरची चाचणी होती. आयसोलेटर म्हणजे लहरीले पुढं जाऊ देणारा, पण वापस न येऊ देणारा पुर्जा. मिलिमीटर लहरींचा असला की आतली फेराइटची कांडी जिऱ्याएवढी, अन् तिच्याभोवती चुंबकाची इवलुशी बांगडी.

मी नुसत्या येरझारा घालून राह्यलो होतो. आई तूर पाखडता पाखडता म्हणे, "पायाले चाकं लावले का रे? बस ना एका जागी!"

तेवढ्यात लॅबमधून सरांचा फोन. "तुझ्या आयसोलेटरमधून पुढे काहीच जात नाही. जोडणी काकांची ना? वय झालं त्यांचं. हे काम आता दुसऱ्याला देतो."

काका म्हणजे आमचे टेक्निशियन. चुंबकाच्या उत्तर टोकाले पोरीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची पद्धत त्यायचीच. ठिपका लहर आत येते तिकडं पाहिजे.

"पाहतो सर," म्हणून फोन ठेवला, अन् मंग आठवलं. बांगडी काकांनी बसवलीच नव्हती! ते जेवायले गेले होते. मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन लॅबमधल्या पोरायले सरांची नक्कल करून दाखवत होतो. "हा आयसोलेटर आहे की वाटाणा?" अन् त्याच ऐटीत बांगडी चिकटवून टाकली. ठिपका पाह्यलाच नाही.

ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत. सांगितलं तर माही नोकरी जाणार, ते अजून पक्कीबी झाली नव्हती. नाही सांगितलं तर काकाचं काम.

"कोणाचं नुकसान केलं तू?" आई म्हणे.

"तुले कसं कळलं?"

"शेजारच्यायची काच फोडली तवाबी असाच फिरत होता."

फोन लावला. "सर, उलट्या बाजूनं मोजून पाहा. चुंबक उलटा बसला. काकानं नाही, मी बसवला."

थोड्या वेळानं फोनमधे सरांच्या मागून काकाचा आवाज आला, "साहेब, तिकडून मस्त जातंय!"

"बसवताना लक्ष कुठं होतं?" सरांनी विचारलं.

आता खोटं कायले बोलू? "तुमची नक्कल करत होतो, सर."

तिकडं काका खोकल्यासारखे हसले. सर नाही हसले. "सोमवारी ये. नवा चुंबक काकाच बसवतील. तू हात मागे बांधून बघायचं."

नोकरीबद्दल एक अक्षर नाही. मी पुन्हा अंगणात.

"आता काय राह्यलं?" आईनं विचारलं.

"सोमवार."