अभिप्राय वहीतली माझी सही
नव्या चादरीच्या खळीचा वास आला की मला सोलापुरातलं मतिमंद प्रौढांचं ते निवासगृह आठवतं आणि स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. आमच्या मंडळातर्फे मी तिथली व्यवस्था बघायला गेलो होतो, म्हणजे खरं तर हार घालून घ्यायला. प्रत्येक खाटेवर कोरी चादर, एक सुरकुती नाही. मी ऐटीत एका खाटेवर टेकलो, तर तिथला चाळिशीचा रहिवासी ओरडला, “ऊठ की! मार बसंल!” मला वाटलं, हा मलाच धमकावतोय. मी अभिप्राय वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘रहिवासी आक्रमक, कर्मचारी मात्र देवमाणसं.’ बाहेर चप्पल घालताना आतून काळजीवाहकाचा आवाज आला, “चादर मोडलीस व्हय रं?” आणि पाठोपाठ चपराक. धावत आत गेलो, तर तो बिचारा मी बसलेली जागा तळव्यानं सपाट करत होता. पाहुणा बसला होता, हे त्यानं सांगितलंच नव्हतं. “अरे, मी मोडली चादर!” मी ओरडलो आणि वही परत मागितली. व्यवस्थापक गोड हसला, “सर, सहीनंतर खाडाखोड चालत नाही.” त्या नालायकानं ते पान फ्रेम करून दारात लावलंय, आणि आजही तपासणीला येणारा आधी माझी झोकदार सही वाचतो.