टेबलाची पलीकडची बाजू

त्या घरात शाळा भरायची ती स्वयंपाकघरात, आणि घंटा म्हणजे दुधाचं पातेलं. सकाळची प्रार्थना झाली, दूध वर आलं, की दोन्ही मुली आपापल्या खुर्चीवर. थोरली अकरा वर्षांची, शेगडीकडे पाठ करून बसायची. धाकटी सात वर्षांची, टेबलाच्या पलीकडे, तिच्या समोर, खिडकीपाशी. दोघींत पुस्तक एकच, मधोमध उघडलेलं, थोरलीकडे तोंड करून. आई शेगडीपाशी उभी. हातात सुरी, पुढ्यात भाजी, कान मुलींकडे. मधूनच वळून थोरलीच्या खांद्यावरून डोकवायची, तिथूनच धाकटीच्या वहीवर नजर टाकायची, "छान" म्हणायची आणि पुन्हा भाजीकडे वळायची.

हे सगळं हौसेनं मांडलेलं नव्हतं. थोरलीला दीड वर्ष शाळेत घालून पाहिलं होतं. रोज सकाळी तिच्या पोटात अन्न ठरायचं नाही. घरी आली की भिंतीकडे तोंड करून बसायची, हाक मारली तरी वळायची नाही. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी तिनं आईची बाही धरली ती सोडेचना. आई तिला घेऊन तशीच परत आली आणि देवापुढे हात जोडून म्हणाली, "यांना मी शिकवीन. कुठे चुकले तर मला दाखव." नवरा मालगाडीवर गार्ड, आठवड्यातले दोन दिवस घरी. तो म्हणाला, "तुला झेपणार असेल तर माझी ना नाही." शेजारणीनं तिचं नावच मास्तरीणबाई ठेवलं.

रोज काय शिकवलं ते ती एका वहीत लिहायची. वही सरकारी कामासाठी लागायचीच, पण तिच्या लेखी ती देवाला द्यायच्या हिशेबाची वही होती. त्यात एक ओळ वारंवार यायची: "धाकटीचं वाचन स्वच्छ. हिला अक्षरं शिकवावी लागली नाहीत, बहिणीसमोर बसून आपोआप आली." ही ओळ लिहिताना तिला जरा बरं वाटायचं, हे तिनं कधी लिहिलं नाही.

घरी शिकवायला मिळालेली वर्षाची सरकारी परवानगी संपत आली तशा तपासणीच्या बाई आल्या. बोलायला मऊ, डोळ्यांनी तिखट. थोरलीला चार प्रश्न विचारले, समाधान झालं. मग पिशवीतून स्वतःचं एक नवंकोरं पुस्तक काढून त्यांनी धाकटीच्या हातात दिलं. "वाच बरं बाळा."

धाकटीनं पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. पाहिलं. पाहतच राहिली.

"अगं वाच ना," थोरली कुजबुजली. "सोप्पं आहे."

धाकटीनं पुस्तक तसंच घट्ट धरून ठेवलं. बाईंनी पुस्तक हलकेच काढून घेतलं.

"ताई, मुलगी तोंडपाठ म्हणत असणार," त्या जाताना दाराशी म्हणाल्या. "पुष्कळ घरांत होतं असं. मी एक महिना देते. तोवर वाचता आलं नाही, तर शाळेत नाव घालावं लागेल. माझा नाइलाज आहे."

दार लागलं आणि आईचा तोल गेला. ती थोरलीवर उसळली. "तू पुढे सांगायचीस आणि ती मागून म्हणायची, होय ना? दोघी मिळून मला फसवत होतात!"

"मी नाही सांगायचे."

"मग काय भूत वाचत होतं?"

थोरली उठली, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. अगदी तशीच, शाळेच्या दिवसांतली.

पलीकडच्या पलंगावर सासरे होते. उभा जन्म छापखान्यात उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेला, आता ऐकू थोडं कमी यायचं. काय झालं ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाले, "पण तिला पुस्तक सरळ कशाला दिलं? ती उलटं वाचते."

"उलटं म्हणजे, मामंजी?"

"म्हणजे डोकं खाली, पाय वर! वर्षभर बघतोय की मी. माझ्याजवळ बसून अख्खा पेपर वाचते, तसाच धरून."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"त्यात बोलायचं काय?" म्हातारा खरोखरच गोंधळला. "मीही चाळीस वर्षं उलटीच अक्षरं वाचली. पोरीनं माझं उचललं, म्हणून खूश होतो मी."

आईनं कपाटातलं एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. धाकटीनं ते गर्रकन फिरवलं आणि न अडखळता वाचत सुटली. नळाचं पाणी सोडावं तशी. मग आईनं तिची वही काढली. तिथेही तेच. तिच्या बाजूनं पाहिलं तर सगळी अक्षरं डोक्यावर उभी, ओळी उजवीकडून निघालेल्या. शेगडीपाशी उभं राहून पाहिलं तर सुबक, सरळ. आई वर्षभर तिथूनच पाहत होती.

"अगं, मग त्या बाईंसमोर का नाही फिरवलंस?"

"दुसऱ्याची वस्तू दिली तशीच धरायची," धाकटी हुंदका देत म्हणाली. "तूच सांगितलंयस ना?"

आई टेबलाला वळसा घालून गेली आणि धाकटीच्या खुर्चीवर बसली. या खुर्चीवर ती आजवर कधी बसलीच नव्हती. इथून पुस्तक उलटं दिसत होतं. थोरलीची रिकामी खुर्ची दिसत होती, आणि तिच्यामागे शेगडी. शेगडीशी उभ्या असणाऱ्या माणसाची इथून फक्त पाठ दिसत असणार. आपण मुलीला रोज ऐकत आलो, पाहिलं नाही. देवा, चुकले तर दाखव म्हटलं होतं. दाखवलंस.

मग ती आत जाऊन थोरलीच्या मागे जमिनीवर बसली. "मी चुकले गं."

भिंतीकडूनच आवाज आला, "मला आधी विचारायचं होतंस."

"हो."

"तू एकदम फसवता म्हणालीस."

संध्याकाळी थोरली जेवायला आली, पण ताटावरून मान वर केली नाही. तो दिवस आईनं वहीत लिहून ठेवला, एक शब्दही न गाळता.

तो महिना कठीण गेला. पुस्तक रोज थोडं थोडं फिरवायचं, घड्याळाच्या काट्यासारखं, ही युक्ती थोरलीची. पण तीही तिनं आजोबांना सांगितली, आईला नाही. आई आता शेगडी विझवून धाकटीशेजारी बसायची. जेवण कधीही व्हायचं. "मास्तरीणबाई, शेगडी रजेवर वाटतं?" शेजारीण खिडकीतून विचारायची. पुस्तक अर्ध्यावर आडवं आलं तेव्हा धाकटी रडकुंडीला आली. "अक्षरं झोपलीत," म्हणायची. लिहिताना तर बोटं ऐकायचीच नाहीत. आई रोज पहाटे प्रार्थनेला बसायची, पण मागणं सुचायचं नाही. नुसती बसून राहायची.

महिना भरला. बाई आल्या, तेच पुस्तक काढलं. धाकटीनं ते हातात घेतलं, आईकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"थोडं तिरकं धरू का?"

"धर की," बाई नवलानं म्हणाल्या.

धाकटी शब्दाशब्दाखाली बोट ठेवत वाचू लागली. दोनदा अडली, एकदा मागे जाऊन पुन्हा आली. सहा ओळी झाल्या. एवढ्यावर गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. पण आईनं वही पुढे सरकवली. "आधी हे पान वाचा. त्या दिवशीचं आहे."

बाईंनी वाचायला सुरुवात केली ती मोठ्यानंच: "आज मी थोरलीवर खोटा आळ घेतला. धाकटी उलटं वाचते हे मला कळलं नाही, कारण मी तिच्या बाजूला कधी बसले नाही. ती आपोआप शिकली याचा मला गर्व होता." इथे त्या थांबल्या. थोरली दारात उभी राहून ऐकत होती, ते त्यांनी आत्ता पाहिलं.

"हे दाखवलं नसतं तरी चाललं असतं, ताई."

"देवाला दाखवून झालंय. तुमच्यापासून काय लपवू?"

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "वर्षाची परवानगी नाही देत. सहा महिन्यांची देते. तेव्हा सरळ धरून वाचायला हवं, आणि लिहायलाही."

"हवंच," आई म्हणाली.

बाई गेल्या. थोरलीनं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून पलीकडे आणली. "सरक," ती आईला म्हणाली. महिन्याभरात तिनं आईशी आपणहून बोललेला हा पहिला शब्द. आई सरकली. तिघी एका बाजूला दाटीवाटीनं बसल्या, आणि समोरची बाजू ओस पडली.

ती पाहून सासरे काठी टेकत आले आणि तिथे बसले.

"मामंजी, तिथून तुम्हाला उलटं दिसेल," आई म्हणाली.

"मग बरंच की," म्हाताऱ्यानं पुस्तक मधोमध लोटलं. "सुरू करा. कुणी अडलं तर मी आहे."