एकादशीचा आग्रह

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागात मुलाकडे असताना इमारतीखालच्या बाकावर रोज एक चिनी आजी भेटत. संत्रं सोलून अर्धं मला देत. एकादशीला मी त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी नेली. साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याचं तिथलं नाव घेऊन "टॅपिओकाची आहे," म्हणालो.

"नको लाह," त्या म्हणाल्या. वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची तिथली लकबच.

"अहो, एक घास तरी!" मी आपल्याकडच्यासारखा आग्रह धरला.

त्यांनी डोळे मिटून घास गिळला. म्हणाल्या, "बेचाळीस साली इंग्रज हरले, जपानी आले. तांदूळ मिळेना, तेव्हा टॅपिओकाचे कंदच खायचो. धाकटा भाऊ भात मागत मागत गेला." मग माझा हात थोपटला, "तुमचं चांगलं झालंय, लाह."

मी डबा बंद केला. दुसऱ्या दिवसापासून फिरायची वाट बदलली.

आजी, मी आग्रह करायला नको होता. माफ करा.