आबांचा फेटा आणि माझ्या गाडीची किल्ली

आता तुम्ही हसणार. हसा, पण आधी ऐकून घ्या. माझं लग्न मोडता मोडता राहिलं, ते एका फेट्यापायी.

मुलगी टाकव्याची, सुप्रिया. फोनवर दोनदा बोललो आणि आपण तर पार गारद. पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द तिच्या आजोबांचा. आबा हो म्हणाले तरच पुढचं. भेट ठरली कुसगावच्या एका हॉटेलात. आईवडील आधीच पोचले, मी नेहमीप्रमाणे उशिरा.

आमच्या लोणावळ्याकडची हॉटेलं तुम्हाला माहीतच आहेत. दाराशी एक फेटेवाला उभा करतातच. धोतर, फेटा, मिशा. मुंबईचे पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढतात. त्या दिवशीही दारात असाच एक रुबाबदार म्हातारा उभा होता. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"काका, गाडी जरा सावलीत लावा. आणि हळू हं, नवी आहे."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "लावतो की," म्हणाले आणि गेले.

आत गेलो तर मुलीचे वडील म्हणाले, "आबा तुमालाच घ्यायला दारात थांबलेत. भेटले न्हाईत व्हय? फेटा बांधलाय बघा."

मी तसाच उलटा फिरलो. धावत बाहेर आलो. समोर फेटा दिसला आणि मी सरळ पायच धरले. "आबा, चुकलो. माफ करा."

"अहो साहेब, उठा," तो माणूस घाबरून म्हणाला. "चहा प्यायला गेलतो जरा. मॅनेजरला सांगू नका."

हा खरा दरवान!

मागून कुणीतरी खाकरलं. आबा बोटात किल्ली फिरवत उभे होते. त्यांच्यामागे सुप्रिया, पदर तोंडाला लावून हसत होती.

"लावली सावलीत," आबा म्हणाले. "टॅक्टरवाला मानूस मी, हळूच लावली. आता ह्याच्या डोक्यावरचा फेटा बघा. टोपीगत शिवलेला हाय. सकाळी घालायचा, सांजंला खुंटीला. माजा मला बापानं शिकवला, त्याला त्याच्या बापानं. रोज बांधतो. तुमाला येतो?"

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलायला तोंड होतंच कुठं?

"मग शिका. सवताचा फेटा सवता बांधून मांडवात या. पोरगी तुमची."

दोन महिने आरशासमोर झटलो. पहिले कित्येक दिवस फेटा कमी आणि डोक्याला बँडेज जास्त दिसायचा. पण शिकलो. लग्नात आबांनी माझा फेटा हलवून बघितला, मान डोलावली आणि माझ्या हातात ट्रॅक्टरची किल्ली ठेवली.

"जावईबापू, सावलीत लावा जरा. आन् हळू, नवा हाय."

लाज वाटते सांगायला, पण मुंडावळ्या सावरत मी उठलोसुद्धा.