टिटवी गप राहते ती जागा

आधी गंगाक्कांचं नाव लिहितो, मग प्रवासाचं. त्यांनी मला, ओळख ना पाळख, दोन दिवस जेवू घातलं आणि माझी चूक दाखवली.

मी साताऱ्याकडचा हलगीवादक. सातवीत शाळा सोडून वडिलांसोबत वाजवायला लागलो. ‘टिटवी’ ही चाल त्यांची. तरुणपणी रस्त्याच्या कामावर ते बसवकल्याणजवळच्या कोहिनूर गावी होते, तेव्हा गंगाक्कांच्या मालकांकडून (नवऱ्याकडून) शिकलेले. गेल्या साली वडील वारले. आमच्या ताफ्याचे म्होरके म्हणाले, "जत्रेपर्यंत टिटवी जमली तर राहा, नाहीतर दुसरा बघतो." म्हणून निघालो.

उमरग्याहून बसवकल्याणला आलो. पुढच्या गाडीची पाटी कानडीत. मला मराठीच सावकाश वाचता येतं. तीनदा विचारल्यावर कंडक्टर हसले. "बस की अण्णा, कोहिनूर आलं की मीच उठवतो." तरी डोळा लागला नाही. बाहेर ज्वारी निघालेली काळी रानं, मधेच एखादं चिंचेचं झाड.

गंगाक्का सत्तरीच्या. त्यांचे मालकही आता नाहीत, त्यांची हलगी खुंटीला आहे.

"कामून (का) आलास, तम्मा (धाकट्या भावा)?"

सांगितलं.

"तुमच्याकडं टिटव्या न्हाईत व्हय?"

"आहेत. पण कधी थांबून बघितली नाही."

त्या खळखळून हसल्या. "मग आदी जेव."

ज्वारीची भाकरी, पुंडीची (अंबाडीची) भाजी, शेंगांची चटणी. मग अंगणात वाजवून दाखवलं.

"हात चांगलाय रे. पण ही टिटवी न्हाई, कावळ्यांचा कालवा करायलास. सकाळी तळ्याकडं जा. हलगी नेऊ नको."

सकाळी तळ्याकडं गेलो. माझी चाहूल लागताच खडकाळ रानातून एक टिटवी उठली. ओरडली नाही. मान खाली घालून तुरुतुरु लांब गेली, आणि तिथून कल्ला केला. पळत येऊन अक्कांना सांगितलं.

त्या भाकरी थापत म्हणाल्या, "अंडी असतेत तिथं ती गप असती. ती गप जागा तुझ्या वाजवण्यात कुठंय?"

वडील भर मिरवणुकीत तिथंच हात वर धरून थांबायचे. मला वाटायचं, ताल चुकला. लाजेनं मी ती जागा माझ्या हलगीनं भरून काढायचो. ते कधी रागावले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघून हसायचे.

दुपारी त्या गप जागी थांबून वाजवलं.

"आता बरं वाजवायलास," अक्का म्हणाल्या. "पण मालक वाजवायचे तवा मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर यायची, खरीच टिटवी आली का बघाया. आज न्हाई उठले."

जत्रा झाली. मी ताफ्यात राहिलो. मिरवणुकीत त्या जागी हात वर धरून थांबलो, तर शेजारच्या ढोलवाल्यानं कोपर मारलं. त्याला वाटलं, चुकलो. मी त्याच्याकडं बघून हसलो.

गंगाक्का, एक दिवस तुमच्या अंगणात येऊन अशी वाजवीन, की तुमची भाकरी तव्यावर करपेल.