छप्पर उडालं, बाकी बरं हाय

वैशाखातल्या वादळानं आमच्या मागच्या खोलीचं छप्पर उचलून देवळामागच्या लिंबावर नेऊन ठेवलं, आणि विमा कंपनीच्या साहेबांना "तसं काही विशेष नुकसान न्हाई" असं मी स्वतः, हसतमुखानं, हातात पोह्यांची ताटली धरून सांगितलं.

बाई शुद्धीवर होती का, असं तुम्ही विचाराल. होते. डोक्यावर पदर होता, पोह्यांवर खोबरं होतं, सगळं जागच्या जागी होतं. एक छप्पर तेवढं नव्हतं.

आमचं गाव चारठाण्याच्या अलीकडं. आमच्या मालकांचं जिंतूरला शिलाईचं दुकान. पुढची खोली स्लॅबची, आणि मागं पत्र्याची एक नवी खोली, ती आम्ही कर्ज काढून बांधली. कशासाठी? तर आमच्या रूपालीच्या बाळंतपणासाठी. एकुलती एक पोरगी, सेलूला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, हे काय मी नव्यानं सांगायला नको. सुताराकडून नवी बाज करून घेतली, खिडकीला जाळी बसवली, शेकशेगडीची जागासुद्धा आखून ठेवली. कर्ज देताना बँकेनं घराचा विमाही काढायला लावला. तेव्हा मालक चिडले होते. "घराचा कशाला विमा? घर काय पळून जाणार हाय का?"

घर नाही पळालं, छप्पर पळालं. आमच्याकडं पत्र्यांवर दगड ठेवायची पद्धत आहे. वाऱ्यानं आधी दगड खाली टाकले, मग पत्रे वर नेले, म्हणजे दोघंही आपापल्या वाटेनं गेले. आम्ही पुढच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. पाऊस असा कोसळला की बाळंतिणीच्या बाजेखाली घोटाभर पाणी, गादीचा लगदा, आणि वर मोकळं आभाळ. मी त्या पाण्यात उभी राहून रडले. छपरासाठी नव्हे. रूपालीला सातवा लागला होता, आणि आता तिला आणायचं कुठं?

त्यात विहीणबाईंचा फोन. "वादळ झालं म्हणं तिकडं. खोली बरी हाय ना?"

"बरी हाय की," मी म्हटलं. (पाहा, सुरुवात इथून झाली.)

"न्हाई, तसं काही असंल तर बाळंतपण इकडंच करू. उगं पोरीचे हाल नकोत."

हे बोलणं वरवर मायेचं होतं, पण माझ्या काळजात घुसलं. माझी लेक, पहिलटकरीण, आणि तिला न्हाऊ-माखू घालायला मी नाही? मी म्हटलं, "छे हो, खोली अगदी तय्यार हाय," आणि फोन ठेवून बादलीनं पाणी उपसायला लागले.

कंपनीनं आधी नुकसानीचे फोटो मागवले. मालकांनी मोबाईल काढला. तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "फोटू काढायलाव? थांबा जरा." आणि इरकल नेसून आल्या. मग मलाही केस विंचरावे लागले. चिरलेल्या भिंतीसमोर आत्याबाई उभ्या राहिल्या. त्या अंगानं भरलेल्या, त्यामुळं भेग बरोबर त्यांच्या मागं गेली. शेजारची गयाबाई चौकशीला आली होती, तिलाही आत्याबाईंनी ओढून घेतलं. मालक म्हणाले, "हसा." आम्ही हसलो. फोटो पाठवला.

आठ-दहा दिवसांनी निरोप आला की पाहणीला साहेब येणार. झालं. आमच्याकडं साहेब येणार आणि मुलगी बघायला पाहुणे येणार यात फरक करायची कुणाला सवयच नाही. हात आपोआप चालू होतात. आत्याबाईंनी अंगण सारवायला घेतलं. मी चिरलेल्या भिंतीवर चुन्याचा हात फिरवला, तरी भेग दिसायलीच म्हणून त्यावर देवाची तसबीर टांगली, आणि तसबिरीखाली उरली तिथं कपाट सरकवलं. गयाबाईच्या घरी मंडपाचा धंदा. ती वर बघून म्हणाली, "अगं माय, साहेबाच्या डोक्यावर ऊन येईल की." आणि तिच्या मालकानं येऊन उघड्या खोलीवर आतून मंडपाचं कापड ताणून दिलं. गुलाबी, पिवळं, कडेनं झालर. खुर्च्याही त्यांच्याच, लाल. त्या दिवशी आमची पडकी खोली रूपालीच्या लग्नातसुद्धा दिसली नसती इतकी देखणी दिसायली होती, आणि मला मेलीला त्याचा अभिमान वाटत होता.

साहेब आले. घाईत होते, अजून चार गावं करायची होती. त्यांनी विचारलं, "हं, काय काय नुकसान झालं?"

आत्याबाई म्हणाल्या, "माणसं शाबूत हायत साहेब, नुकसान कसलं?"

मालक म्हणाले, "चालायचंच. निसर्गापुढं कुणाचं काय चालतंय."

मी म्हणाले ते वर सांगितलंच आहे. पोहे पुढं केले.

साहेबांनी वर पाहिलं. "छताला काय केलंय?"

"कापड लावलंय," मालक म्हणाले. खरंच सांगितलं त्यांनी. खोटं कुणीच बोललं नाही.

"छान केलंय," म्हणत साहेबांनी पोहे संपवले, बसल्या जागेवरून एक फोटो काढला, आणि गेले. जाताना मी रीतीप्रमाणं "पुन्हा या" म्हणाले.

मग पैसे आले. त्या पैशांत पत्रे नव्हे, पत्रे बसवायचे हूक आणि वायसर आले असते. माझं डोकंच फिरलं. चोर मेले, गरिबाला लुबाडतात, असं म्हणत मी घरभर आदळआपट केली. मालक म्हणाले, "जाऊ दे." मी म्हटलं, "तुमचं आयुष्य गेलं जाऊ दे, जाऊ दे म्हणण्यात. पोरीला काय मंडपात आणून निजवायची? मी भांडणार हाय." आणि त्यांना ओढत एस.टी.नं परभणीला घेऊन गेले. जिंतूरपासून परभणीपर्यंत मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होते. बोरीच्या पुढं तर एकदा हातही वर केला, शेजारच्या बाईला वाटलं मला उतरायचंय.

कंपनीच्या कचेरीत एक तरुण अधिकारी होता. मी भाषण सुरू केलं. "आमचं अख्खं छप्पर गेलं, भिंत चिरली, पोरीच्या बाळंतपणाची खोली उघडी पडली, आणि तुमी..."

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. पडद्यावर आत्याबाई, इरकलीत. बाजूला मी, केस विंचरलेले. गयाबाई तर दात काढून हसत होती. मग साहेबांनी काढलेला फोटो. गुलाबी-पिवळं कापड, झालर, लाल खुर्च्या, देवाची तसबीर.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हा फोटो नुकसानीचा आहे का साखरपुड्याचा?"

माझं भाषण तिथंच संपलं. मालक भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागले.

"भेग कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"आत्याबाईंच्या मागं," मी म्हटलं.

"आणि छप्पर?"

"ते कापडाच्या वर... म्हंजे न्हाई. कापडाच्या वर काहीच न्हाई."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "ताई, तुम्ही दाखवलंत तेवढंच आम्हाला दिसणार. फेरपाहणीचा अर्ज द्या. आणि एक करा, घर जसं आहे तसं ठेवा. झाडू नका, लिंपू नका, झाकू नका. आणि साहेबांनी विचारलं तर खरं सांगा. जमेल?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

परतीच्या गाडीत मात्र मी स्वतःलाच विचारायला लागले. खरंच, जमेल का? आम्हाला लहानपणापासून झाकायलाच शिकवलं. पीक गेलं तरी पाहुण्यासमोर "बरं हाय." अंगात ताप असला तरी "बरं हाय." माझी आई आजारी होती तेव्हा मी तिच्या उशाला बसून विचारायचे, कसं वाटतंय, तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय? तू जेवलीस का?" ती गेली त्या दिवशी सकाळीही हेच म्हणाली. तेव्हा मला तिचा राग आला होता. एवढं झाकून कुणाचं काय भलं झालं? समोरच्याला कळत नाही, आणि आपलं आपल्यापाशी कुजत राहतं. खिडकीतून बाहेर बघत मी ठरवलं, या वेळी काही झालं तरी झाकायचं नाही.

ठरवणं सोपं असतं. फेरपाहणीच्या दिवशी मी मंडपाचं कापड काढलं, तसबीर उतरवली, कपाट बाजूला केलं, आणि ओली गादी दारात आणून टाकली. केर काढला नाही. आत्याबाई खाटेवर बसून तळमळत होत्या. मी चुलीकडं वळले की त्यांचा हात खराट्याकडं जायचा.

"आत्याबाई, ठेवा तो खराटा."

"अगं, दारातलं तेवढं लोटते. लोक काय म्हणतील?"

"पडलं म्हणतील. पडलंयच."

तेवढ्यात गयाबाई शेणाची बादली घेऊन हजर. "साहेब यायलेत म्हणं. अंगण तसंच कामून ठिवलंस?" तिच्या हातातली बादली मी धरली, तिनं सोडली नाही, आणि त्या ओढाताणीत अर्धं शेण ओल्या गादीवर सांडलं. आत्याबाई म्हणाल्या, "आता तरी धुऊ का?" मी म्हटलं, "बिलकूल न्हाई."

आणि अंगणात रिक्षा थांबली. साहेब आले म्हणून मी वळले, तर रिक्षातून उतरल्या सेलूच्या विहीणबाई, आणि त्यांच्यामागं पोट सांभाळत आमची रूपाली.

"म्हटलं खोली तय्यार हाय म्हणता, तर बघून घ्यावी," विहीणबाई म्हणाल्या, आणि शेणाच्या गादीला वळसा घालून थेट मागच्या खोलीत गेल्या. मी मागं धावले. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहून वर बघत होत्या. वरून एक कावळा त्यांच्याकडं बघत होता.

त्याच वेळी साहेबही आले. दारातच थबकून म्हणाले, "माफ करा, घर चुकलं वाटतं."

"न्हाई साहेब, हेच," मालक म्हणाले.

साहेब आत आले. वर बघितलं, भिंत बघितली, मग विहीणबाईंना बघून नमस्कार केला. "बोला. काय काय नुकसान झालं?"

माझ्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला विहीण. तोंडातून "काही विशेष न्हाई" निघायच्या बेतात होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मग मी रूपालीकडं पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून त्या नव्या बाजेकडं बघत होती. पाण्यानं बाजेचा एक पाय फुगून फाटला होता.

"सगळं गेलं साहेब," मी म्हटलं. "छप्पर गेलं, भिंत चिरली, बाज सडली. ही खोली पोरीच्या बाळंतपणाला बांधली होती. मागच्या वेळी तुमच्यापासून झाकलं, आणि ह्या माझ्या विहीणबाईंपासूनबी झाकलं. खोली तय्यार न्हाई. पुन्हा बांधणं आमच्या आवाक्यात न्हाई. आमाला मदत पाहिजे."  ते शेवटचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल मी.

 साहेब फोटो काढायला लागले. आणि विहीणबाई पदर खोचत म्हणाल्या, "आवो, मागल्या साली आमचा गोठा उडाला, तर आमी साहेबाला पुरणपोळी घातली. त्यानं लिहिलं, कुटुंब सुखी हाय. छदाम मिळाला न्हाई." मग माझ्याकडं वळून, "मला फोनवर सांगायचं न्हाई का हे? मी काय परकी हाय? बाळंतपण इथंच व्हईल. पत्र्याचं बघू दोघी मिळून."

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. आत्याबाईंनी ती संधी साधून खराटा उचलला.

सुधारित रक्कम आली. सगळं भागलं नाही, भिंतीचा गिलावा राहिला, पण पत्रे आले, आणि विहीणबाईंनी सेलूहून नवी बाज पाठवली. रूपाली नव्या छपराखाली राहायला आली.

दिवस भरले तसं तिला जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. पोरगी घामानं निथळत होती, ओठ चावून चावून लाल केले होते. सिस्टरनं विचारलं, "कसं वाटतंय? फार दुखतंय का?"

रूपाली म्हणाली, "न्हाई, बरं हाय. सिस्टर, तुमी चहा घेतला का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं दुखतंय म्हण की," मी ओरडले. "कशाला झाकायलीस? दाखवल्याशिवाय कुणाला कळत न्हाई, काही मिळत न्हाई. शहाणी हो जरा. माझ्याकडून तरी शिक."

सिस्टर माझ्याकडं बघायला लागली. "आजी, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय. तुम्हाला काही होतंय का?"

"मला?" मी पदर सावरला. "मला काय धाड भरलीय? मी बरी हाय," असं म्हटलं आणि तिथंच चक्कर येऊन आडवी झाले.