घरात ऑफिसातली मराठी

कुडाळात माझं समुपदेशनाचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे. समोरच दातांचा दवाखाना आहे आणि माझा निम्मा धंदा त्याच्या आडोशाने चालतो. जिना चढताना कुणी दिसलं तर दाताला आलं, असं म्हणायची सोय आहे. मुंबईच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून इकडे आले तेव्हा ही जागा मी घेतली ती एवढ्याचसाठी. मालवणहून येणाऱ्या एका बाईंचे दात गेली काही वर्षं सतत दुखताहेत. घरचे त्यांना आता गोव्याच्या डेंटिस्टकडे न्यायचं म्हणतात.

शिकाऊ मुलं घ्यायचं मी बराच काळ टाळलं. समुपदेशनाच्या खोलीत दोन माणसं पुरतात, तिसरं आलं की सभा होते. पण कॉलेजात शिकवणारी एक मैत्रीण हात धुऊन मागे लागली, म्हणून पुण्याचा एक मुलगा घेतला. हुशार होता. लोक त्याला सवयीने विचारायचे, ‘‘तू खंयचो रे?’’ आणि तो पुस्तकात दिल्याप्रमाणे हसून म्हणायचा, ‘‘हा वेळ तुमचा आहे, आपण तुमच्याबद्दल बोलू या.’’ आमच्याकडे माणूस कुठला हे कळल्याशिवाय त्याच्याशी पावसापाण्याचंसुद्धा कुणी मोकळेपणी बोलत नाही, मग मनातलं काय सांगणार? एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘त्या पोराक घराकडे कोण नाय काय?’’ तो मुदत संपवून गेला. पुढच्या खेपेला इथलीच मुलगी घ्यायची, असं मी ठरवून टाकलं.

ती मिळाली. कुडाळजवळच्या गावातली, एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला. मालवणी तोंडात, ऐकायला कान तयार, आणि ‘‘तू कोणाचा चेडू?’’ म्हटलं की दोन पिढ्यांचा पत्ता देणारी. चेडू म्हणजे मुलगी. आमच्या बोलीत मुलगी नपुंसकलिंगी असते आणि लग्न ठरेपर्यंत तिच्याबद्दलचं सगळं बोलणं त्याच लिंगात चालतं. या मुलीसमोर लोक बोलू लागले. अडचण एवढीच होती की निम्मा तालुका तिचा नातेवाईक होता. म्हणून पहिल्याच दिवशी मी तिला एक वाक्य दिलं. आपल्याकडे येणाऱ्या माणसाबद्दल कुणीही काहीही विचारलं, तरी म्हणायचं, ‘‘त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.’’ जिभेवर बसेपर्यंत तिच्याकडून म्हणून घेतलं. मी या बाबतीत कडक आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

त्या वेळी मिठबावकडची एक तरुणी माझ्याकडे येत होती. घरच्या आंब्याच्या बागा, हिची बँकेत नोकरी. मध्यंतरी तिला एसटीत बसलं की छाती धडधडायची, घाम फुटायचा, आता मरणार असं वाटायचं. नोकरी सुटायची वेळ आली होती. ते दिवस गेले होते. आता ती महिन्यातून एकदा, एसटीनेच, एकटी यायची. शिकाऊ मुलीला बसू द्यायचं का, असं मी विचारलं तेव्हा तिने तिला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाली, ‘‘बसांदे. नायतर शिकतला कसा?’’

त्यातच या मिठबावच्या मुलीला एक स्थळ आलं. मुलगा गोव्यात नोकरीला, घर कुडाळच्या बाजूला. दोघं एकदा भेटली. ‘‘मधेच तोडणा नाय. ऐकान घेता,’’ असं ती त्याच्याबद्दल म्हणाली. मला ऐकून बरं वाटलं. शिकाऊ मुलगी त्या दिवशी परीक्षेसाठी रजेवर होती, म्हणून हे बोलणं तिच्या कानावर गेलं नाही. मुलगा या शिकाऊ मुलीच्याच आत्याचा, हे मलाही ठाऊक नव्हतं.

पुढचं मला तिनेच सोमवारी सांगितलं. रविवारी ती आत्याकडे जेवायला गेली होती. आत्याने वाढता वाढता विचारलं, ‘‘मिठबावची सोयरीक इली हा. ता चेडू तुमच्या जिन्यार दिसला म्हणतत. कसा आसा गो?’’

आणि तिने माझं वाक्य म्हटलं. ‘‘त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.’’ अगदी स्पष्ट, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आत्याचा हात तिथेच थांबला. ‘‘घरात कित्याक ऑफिसातला बोलतस?’’ एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा वाढायला लागली.

मी तिला शाबासकी दिली. तिचा चेहरा काही खुलला नाही, पण मला त्यात विशेष वाटलं नाही. आपल्याच माणसांना नकार दिला की पहिल्यांदा असंच होतं, असं मी तिला समजावलं.

मी शहरात शिकले, तिथे न सांगणं म्हणजे न सांगणं. इथे चौकशीला ठरलेलं उत्तर असतं. ‘‘बरा आसा.’’ यात तब्येत आली, स्वभाव आला, घर आलं. पुढे कुणी विचारत नाही. काही खोट असेल तर माणूस गप्प बसतो किंवा भाताचा विषय काढतो, आणि ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते ती दुसऱ्या बाबतींत. सोयरिकीत मूठ झाकलेली दिसली की ती रिकामी आहे हे गावभर होतं. त्यात घरच्या पोरीने पंगतीत तहसीलदारासारखी मराठी बोलावी म्हणजे कहरच.

मिठबावची मुलगी त्यानंतर आली ती वेळ न ठरवता. शिकाऊ मुलगी आतल्या खोलीत होती. मी दार लोटून घेतलं.

‘‘त्येंनी नाय म्हणान कळयल्यानी,’’ ती म्हणाली. ‘‘पत्रिका जुळणा नाय म्हणे. पत्रिका आमी अजून दिलेलीच नाय.’’

ती रडत नव्हती. पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. ‘‘कोण वायट बोलला असता तर भांडाक तरी गावला असता. वायट कोण बोललाच नाय. मधस्त म्हणता, त्येंनी आपल्या भाचयेक इचारल्यानी, ता गप रवला. माका स्वताक सांगाचा होता तेका. एसटीतला, धडधडीचा, सगळा. तेणा ऐकान घेतला असता.’’

मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. नियमात काही चूक नव्हती. मुलीने तो पाळला होता. आत्याने तिच्या परीने सरळ प्रश्न विचारला होता. आणि समोरच्या खुर्चीतल्या बाईने जे सांगायची तयारी इतक्या कष्टाने केली होती, ते तिच्या आधी कुणीतरी न बोलताच सांगून टाकलं होतं. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

‘‘कोण ता? हंय शिकता ताच मा?’’ तिने विचारलं.

‘‘हे बघ, त्या संदर्भात मला काही बोलता येणार नाही,’’ मी म्हणाले.

ती हसली. ‘‘मॅडम, तुमी पण ऑफिसातला बोलाक लागलात.’’

इतके महिने मी तिच्याशी मालवणीतच बोलत आले होते. आता सारवासारव करण्यात अर्थ नव्हता. तिने आतल्या दाराकडे मान वळवून नेहमीच्याच आवाजात हाक मारली, ‘‘भायर ये गो.’’

दार उघडलं. शिकाऊ मुलगी बाहेर येऊन भिंतीपाशी उभी राहिली. डोळे सुजलेले होते. घरी तिला कळलं असणार, आणि ते मला सांगायचं धैर्य झालं नसणार.

‘‘काय इचारल्यान तुका आत्येन?’’

‘‘चेडू कसा आसा, म्हणान.’’

‘‘मगे? कसा आसा?’’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. वाक्य तिच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. मी काहीच खूण केली नाही.

‘‘बरा आसा,’’ ती म्हणाली.

‘‘मगे थंय इतक्याच सांगाचा होता,’’ मिठबावची मुलगी म्हणाली.